परदेशस्थ वृद्ध मिशनऱ्यांचे कागद : दिनचर्या, श्रद्धा व प्रमाण

१. आमच्या संशोधकवर्गास एक जुनी खोड आहे. मोडी रुमाल दिसला कीं तो सोडविल्याशिवाय आमच्यानें राहवत नाहीं. फारसी फर्मान हातीं आलें तर आम्ही जाणत्याचें घर गांठतों. पोथीचें शेवटचें एकच पान उरलें असलें तरी त्यावरील शक व लेखकाचें नांव उतरून घेतों. परंतु जुन्या मिशन-बंगल्यांतील खर्चाची वही, पाद्र्याच्या पंडितानें केलेली शब्दांची यादी, किंवा मिशनच्या शाळेंतील मास्तराचें रोजचें टिपण समोर आलें, कीं "हें आपलें नव्हे" म्हणून आम्ही तें बाजूस सारतों. हा आरोप मीं प्रथम स्वतःवरच ठेविला पाहिजे.

तीसएक वर्षांपूर्वीं पांढरकवड्यास एका गृहस्थांनीं मजपुढें मराठी हस्ताक्षरांतील एक वही ठेविली. तालुक्यांत येऊन म्हातारपण काढलेल्या एका परदेशी मिशनरी जोडप्याच्या घरचा तो रोजचा खर्च होता : दूध, रॉकेल, टपालाचीं तिकिटें, कुनैन, बैलगाडीचें भाडें, कोलामाकडून घेतलेला मध व बांबूच्या टोपल्या, कोणास औषध फुकट दिलें, कोणास उसने पैसे दिले. मीं चार पानें चाळलीं, यांत इतिहास नाहीं असें सांगितलें व वही परत केली. पुढें चौकशी केली तेव्हां ती रद्दींत गेल्याचें कळलें. त्या वहीचें मोल तेव्हां मला कां कळलें नाहीं, व परदेशांत वृद्ध झालेल्या या धर्मोपदेशकांचें जीवन कोणत्या कागदांवरून प्रमाणानें सांगतां येईल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२. या विषयावर आजवर जें लिहिलें गेलें त्याचे दोन प्रकार दिसतात. एका पक्षाचे लेखक मिशनऱ्यांचीं चरित्रें जशींच्या तशीं प्रमाण मानतात. त्याग, प्रार्थना, सेवा यांचीं वर्णनें उचलून तीं मराठींत उतरवितात. दुसऱ्या पक्षाचे लेखक धर्मांतराच्या कारस्थानाचा पुरावा तेवढा वेंचतात व बाकीचा कागद टाकून देतात. पक्ष दोन असले तरी चूक एकच आहे. कागद कोणी, कोणास, कोणत्या वेळीं व कशासाठीं लिहिला, हा प्रश्न दोघेहि विचारीत नाहींत. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड काढला तेव्हांपासून बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद आपल्या अंगवळणीं पडला आहे. तोच भेद येथें लावला म्हणजे पुष्कळ धुकें निवळतें.

मिशनरी वाङ्मयाचे या दृष्टीनें चार वर्ग पडतात. पहिला, स्वदेशीच्या मंडळास पाठविलेला अहवाल. ही कैफियत होय. कैफियत लिहिणारा स्वतःची बाजू मांडतो, आणि ज्याच्या देणगीवर शाळा चालावयाची त्यास काय वाचावयास आवडेल हें तो जाणून असतो. दुसरा, आईबाप, भाऊ, स्नेही यांस लिहिलेलें खासगी पत्र व स्वतःची दैनंदिनी, हें अस्सल. तिसरा, वार्धक्यांत लिहिलेल्या आठवणी. ही बखर, फक्त बखरकार व नायक एकच. चौथा, मृत्यूनंतर दुसऱ्यानें त्याच्या पत्रांतून वेंचे काढून रचलेलें चरित्र. ही नक्कल, आणि तीहि गाळीव. यांखेरीज पांचवा एक वर्ग आहे, त्यास आम्हीं अजून वर्ग म्हणून ओळखलेंच नाहीं : त्या परदेशस्थांविषयीं आपल्याच लोकांनीं मराठींत लिहून ठेविलेलें. माझें म्हणणें असें कीं, मिशनरी जितका जुना, तितकें त्याच्या दिनचर्येचें प्रमाण पहिल्या चार वर्गांत कमी व पांचव्यांत अधिक सांपडतें. आतां हें उदाहरणांनीं पाहूं.

३. सर्वांत जुनें उदाहरण गोमंतकांतील. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला व चाळीस वर्षें साष्टींत काढून १६१९ मध्यें वारला. उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आंत त्यानें आपल्या बापास पत्र लिहिलें. तें पुढें हॅक्लुइटच्या प्रवाससंग्रहांत छापलें गेलें. त्यांत समुद्र, वारा, मासे, पक्षी, खलाशांचीं दुखणीं यांचें वर्णन इतकें बारीक आहे कीं तो प्रवास आपण केल्यासारखें वाटतें. १५८३ मध्यें भावास लिहिलेल्या पत्रांत येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी असल्याचें त्यानें नोंदविलें. विल्यम जोन्स याच्या १७८६ च्या प्रसिद्ध भाषणापूर्वीं दोनशें वर्षें हें निरीक्षण झालेलें होतें. पण पुढें? नवखेपणाच्या त्या चार वर्षांत ज्यानें डोळे उघडे ठेवून इतकें टिपलें, त्यानें उरलेल्या पस्तीस-छत्तीस वर्षांत साष्टींतील सकाळ कशी उजाडते, जेवण काय असतें, पावसाळ्यांत घर कसें गळतें, हें कोणास कळविण्याचें कारण उरलें नाहीं. तें त्याचेंच जीवन होऊन गेलें होतें. नवखा लिहितो, मुरलेला लिहीत नाहीं.

मुरलेल्या स्टीफन्सची साक्ष त्याच्या ख्रिस्तपुराणांत आहे. १६१६ मध्यें छापलेल्या या ग्रंथांतील मराठीची स्तुति आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोंचली. पण ज्या गोष्टीकडे हस्तलिखितांचे संग्राहक म्हणून आपलें लक्ष प्रथम जावयास हवें, ती मागेंच राहिली. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, तरी त्या छपाईची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हातानें उतरलेल्या प्रतींवर, आणि त्या जपल्या मंगळुराकडील ख्रिस्ती कुटुंबांनीं. त्यांवरूनच सालढाणा यांनीं १९०७ मध्यें रोमन लिपींतील आवृत्ति काढली. पुढें लंडनमध्यें मार्सडेनच्या संग्रहांत देवनागरी प्रत आढळली व १९२३ मध्यें जस्टिन अ‍ॅबट यांनीं ती प्रसिद्धीस आणली. देवनागरी पाठांत संस्कृत शब्द अधिक, रोमन पाठांत ख्रिस्ती परिभाषेचे पोर्तुगीज शब्द अधिक. यांतील मूळ कोणता, हा वाद त्यामुळें उभा राहिला. या वादाचें मर्म भाषेपुरतें नाहीं. ईश्वराला 'परमेश्वर' म्हणावें कीं 'देव' म्हणावें, कीं पोर्तुगीज शब्दच ठेवावा, अशा निवडींतच त्या वृद्ध मनुष्याची श्रद्धा चाळीस वर्षांत या मातींत किती रुजली हें मोजतां येतें. मात्र तो शब्द स्टीफन्सचा कीं नकलकाराचा हें आधीं ठरावें लागतें. पाठनिश्चयापूर्वीं श्रद्धेविषयीं बोलणें म्हणजे शक न पाहतां पोथीचें वय सांगणें होय.

४. आतां एकोणिसाव्या शतकांत येऊं. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्यें मुंबईस आले व १८७५ च्या डिसेंबरांत मुंबईसच वारले. शिलालेख, लेणीं, पारशी धर्मग्रंथ यांच्या अभ्यासामुळें त्यांचें नांव आपल्या वर्गास परिचित आहे. त्यांचें मोठें चरित्र जॉर्ज स्मिथ यांनीं १८७८ मध्यें लिहिलें. त्यांत सभा, वाद, प्रवास, राजेरजवाड्यांच्या भेटी भरपूर आहेत. घर मात्र क्वचितच दिसतें. घर दिसतें तें दुसऱ्या एका पुस्तकांत. त्यांची पत्नी मार्गारेट हिनें मुंबईंत मुलींच्या शाळा घातल्या व ती १८३५ मध्यें वारली. तीन वर्षांनीं विल्सन यांनीं तिची पत्रें व टिपणें घेऊन तिचें स्मरणचरित्र प्रसिद्ध केलें. तें वाचतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. वेंचे नवऱ्यानें निवडले आहेत, ही पहिली. आणि तीं पत्रें सहा वर्षांच्या वास्तव्याचीं आहेत, ही दुसरी. तिचे चाळीस वर्षांचे कागद असते तर त्यांत तेवढें घर दिसलें असतें काय, याविषयीं मला शंका आहे.

स्त्रियांविषयीं येथेंच एक सांगितलें पाहिजे. रोजच्या जीवनाचा भार त्यांजवर, आणि छापील कागदांत जागा सर्वांत थोडी त्यांस. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस आली, पुढें अहमदनगरास मुलींच्या शाळा चालवीत राहिली व १८६२ मध्यें तेथेंच वारली. जोतीराव फुले यांस मुलींच्या शाळेची प्रेरणा नगरास तिची शाळा पाहून झाली, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासांत पक्की बसली आहे. म्हणजे जिच्या चौतीस वर्षांच्या परदेशवासाचें फळ महाराष्ट्राच्या इतिहासांत उमटलें, तिची मुख्य साक्ष तिच्या मंडळाच्या अहवालापेक्षां एका मराठी पाहुण्याच्या मनावर उठलेल्या ठशांत आहे. पांचव्या वर्गाचें महत्त्व याहून स्पष्ट काय असावें?

५. श्रद्धा आणि दिनचर्या यांचा सांधा जेथें उघडा दिसतो, असा मनुष्य म्हणजे जॉर्ज बोवेन. हा अमेरिकन १८४८ मध्यें मुंबईस आला. मिशनऱ्यानें लोकांहून वेगळ्या सुखवस्तु रीतीनें राहूं नये असें वाटून त्यानें थोड्याच काळांत मंडळाचा पगार सोडला, देशी वस्तींत लहानशा जागेंत बिऱ्हाड केलें, 'बॉम्बे गार्डियन' पत्र अनेक वर्षें चालविलें, आणि १८८८ मध्यें मुंबईसच देह ठेविला. चाळीस वर्षांत तो एकदांहि स्वदेशीं परतला नाहीं. स्पीअर यांनीं त्याचीं पत्रें व दैनंदिनी पाहून १९३८ मध्यें त्याचें चरित्र लिहिलें, व तें या वाङ्मयांतील चांगल्या ग्रंथांपैकीं होय. तथापि त्याचाहि कल अंतःकरणाकडे आहे. बोवेनला विरक्त म्हणून ओळखणारी मुंबई त्यांत आहे. पण ज्या शेजाऱ्यांत तो राहिला त्यांच्या तोंडचा शब्द नाहीं.

परंतु बोवेनच्या बाबतींत सुदैवानें एक असें साधन आहे कीं जेथें दोन्ही बाजूंचा कागद शिल्लक आहे. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर जाहीर वाद झाले. त्यांचें इंग्रजी वृत्त बोवेननेंच त्या वर्षीं छापलें. मराठी 'समुद्रकिनारींचा वादविवाद' १८७२ मध्यें, म्हणजे बुवांच्या निधनानंतरच्या वर्षीं निघाला. ज्यानें वाद केला त्यानेंच वृत्त लिहिलें, हा इंग्रजी प्रतीचा दोष. पंधरा वर्षांच्या विलंबानें व वादी हयात नसतां छपाई झाली, हा मराठी प्रतीचा दोष. आमच्याकडे या दोहोंचा उपयोग कोण जिंकलें एवढ्यापुरताच केला जातो. वस्तुतः दोन्ही शेजारीं ठेवून ओळीस ओळ लावली पाहिजे. जेथें दोन्ही प्रती एकमेकींशीं जुळतात तो भाग प्रमाण; जेथें एकच बोलते तेथें ती कां बोलते व दुसरी कां गप्प बसते, हें पाहावें. नऊ वर्षें मुंबईंत राहिलेल्या एका परदेशी मनुष्याची श्रद्धा भर गर्दींत, समोरच्या प्रतिपक्ष्याच्या प्रश्नांखालीं कशी बोलत होती, हें अहवालांतून कधींच कळणार नाहीं. तें या दोन पुस्तकांच्या मधल्या जागेंत आहे.

६. आठवणींच्या वर्गाचा नमुना म्हणून जे. मरे मिचेल यांचें पश्चिम हिंदुस्थानाविषयींचें पुस्तक घ्यावें. ते १८३८ मध्यें मुंबईस आले. पुस्तक १८९९ मध्यें, वयाच्या चौऱ्याऐंशीच्या सुमारास प्रसिद्ध झालें. पुस्तकाच्या नांवांतच कबुली आहे : या आठवणी मिशनरी जीवनाच्या 'आरंभींच्या' काळाच्या. म्हातारपणीं लेखणी उचलली तीहि तारुण्याची हकीकत सांगण्यास. माणूस भला, मराठी संतकवितेचा रसिक, भाषा सौम्य. म्हणूनच वाचकानें अधिक सावध असावें. साठ वर्षांनीं वैर निवळतें, पराभव लहान होतात, आणि जे विद्यार्थी पुढें नांवारूपास आले ते तेवढे पहिल्यापासून हुशार ठरतात. बखरीचे हेच गुण व हेच दोष आपण सभासदापासून जाणतों.

मिचेल यांस ताडून पाहण्यास मराठी साधन आहे, तें म्हणजे बाबा पदमनजी यांचें आत्मचरित्र 'अरुणोदय', १८८८ चें. मुंबईच्या मिशन शाळेंत शिकलेला व १८५४ मध्यें ख्रिस्ती झालेला हा लेखक आपल्या परदेशी गुरूंविषयीं आदरानें लिहितो, पण त्याचे डोळे विद्यार्थ्याचे आहेत. आणि त्याहून मोलाचें साधन म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें', १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालेलीं. नगर-राहुरीकडील मिशनच्या आवारांतील रोजचें जीवन मराठींत इतक्या उघड्या मनानें दुसऱ्या कोणीं लिहिलेलें मला ठाऊक नाहीं. मडमा, साहेब, शाळा, दवाखाना, प्रार्थना, स्वयंपाक आणि गैरसमज हीं सर्व तेथें एका घरांत नांदतात. साहित्य म्हणून त्या ग्रंथाचें कौतुक पुष्कळ झालें. मिशनऱ्यांच्या इतिहासाचें अस्सल साधन म्हणून त्याची छाननी अद्याप व्हावयाची आहे. त्यांतील घटनांच्या तिथि मिशनच्या अहवालांशीं, व १८४२ पासून नगरास निघालेल्या 'ज्ञानोदया'च्या अंकांशीं लावून पाहणें, हें एका वर्षाचें काम आहे व तें कोणीतरी अंगावर घ्यावें.

नगरचे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांचें उदाहरण येथें आणखी एका कारणासाठीं देतों. मिशनरी मातापित्यांच्या पोटीं त्यांचा जन्मच १८४७ मध्यें मुंबईस झाला. १८७४ पासून अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनीं या प्रांतांत घालविला, व १९२९ मध्यें ते अमेरिकेंत वारले. अशा मनुष्यास परदेशस्थ कोणत्या देशांत म्हणावें? मुंबईंत जन्मून बॉस्टनकडे मेलेल्याचा परदेश कोणता, हा प्रश्न विनोदाचा नव्हे. 'परका' हा शब्द आपण जितक्या सहज वापरतों, तितक्या सहज कागद त्यास पाठिंबा देत नाहींत.

७. आतां वर्धा नदी ओलांडून आमच्या भागाकडे येऊं. नागपुरास स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फें स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्यें आले. शाळा, भूस्तरशास्त्र, जीवाश्म व गोंडांची भाषा असे त्यांचे चार व्यवसाय होते, व चारींत त्यांनीं नांव ठेविलें. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना बोरीजवळ पुराच्या पाण्यांत ते बुडाले. वयाची पन्नाशीहि त्यांनीं गांठली नव्हती. मागें राहिलेले आदिवासींविषयींचे हस्तलिखित कागद मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीं प्रस्तावना व टिपा जोडून १८६६ मध्यें नागपुरास छापले. चरित्र पुन्हां जॉर्ज स्मिथ यांनींच, १८८८ मध्यें लिहिलें.

या कागदांत आमच्या प्रदेशासंबंधीं एक लहानसा पण महत्त्वाचा भाग आहे. वर्धा नदीच्या दक्षिणेस पिंडी डोंगराच्या रांगेंत व माणिकगडाच्या आसपासच्या पठारावर पसरलेल्या कोलामांची त्यांत नोंद आहे. आजचा केळापूर, वणी, मारेगांव, झरी-जामणी हा डोंगरपट्टा त्यांत येतो. ज्यास आज यवतमाळ जिल्हा म्हणतों व १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत, तो हिस्लॉप यांच्या नागपूरवासाच्या काळीं नागपूर राज्यांतील मुलूख नव्हे; वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या व पुढें इंग्रजांच्या कारभाराखालीं होतें. नागपुरांत बसलेला मनुष्य नदीच्या अलीकडून पलीकडे पाहत होता, ही गोष्ट त्या नोंदीचें वजन ठरवितांना विसरूं नये. १९०६ मध्यें ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या चौथ्या खंडांत कोलामीचा विचार झाला. एमेनो यांचें कोलामीवरील पुस्तक १९५५ मध्यें आलें, व ती गोंडीहून वेगळी, स्वतंत्र द्राविडी भाषा असल्याचें त्यानें शास्त्रशुद्ध रीतीनें मांडलें. हिस्लॉप यांचें श्रेय यानें उणें होत नाहीं. पण त्यांच्या नोंदीस शेवटचा शब्द मानण्याची जी रीत गॅझेटिअरांनीं पाडली ती सोडली पाहिजे.

त्याच कागदांतील दुसरा, अधिक प्रसिद्ध भाग म्हणजे लिंगोचें गीत. महादेवानें गुहेंत कोंडलेल्या गोंडांची लिंगोनें सुटका केली व त्यांस कुळें नेमून दिलीं, ही कथा प्रधान आपल्या किंगरीवर गातात. त्या गाण्याचे संग्राहकाच्या दृष्टीनें टप्पे मोजावे. पहिला टप्पा गाणाऱ्या प्रधानाचा कंठ. दुसरा, हिस्लॉप यांचे कागद, ज्यांवरून शेवटचा हात फिरविण्यास लेखक उरला नाहीं. तिसरा, टेंपल यांची छापील प्रत. चौथा, १८७१ मध्यें फॉर्साइथ यांनीं आपल्या ग्रंथांत लाँगफेलोच्या 'हायावाथा'चें वृत्त वापरून केलेलें इंग्रजी पद्य. लिंगोचें गीत म्हणून बहुतेक इंग्रजी वाचकांनीं वाचलें तें हें चौथें. नकलेची नक्कल प्रमाण होत नाहीं हें आपण दानपत्रांविषयीं सांगतों. येथें तेंच सांगावयास हवें. १९४८ मध्यें फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचें आदिलाबादच्या राजगोंडांवरील पुस्तक आलें, तेव्हां पैनगंगेपलीकडे तीच परंपरा किती विस्तारानें जिवंत आहे हें दिसून आलें. ती अलीकडेहि आहे. पांढरकवड्याच्या बाजारास येणाऱ्या प्रधानांस विचारावें.

हिस्लॉप व मिचेल यांची तुलना म्हणून बोधप्रद आहे. मिचेल यांस वार्धक्य लाभलें, म्हणून त्यांच्या कागदांवर स्वतःचा हात फिरला. त्यांत सफाई आली, आणि कोर गेली. हिस्लॉप यांस तें लाभलें नाहीं. त्यांचे कागद कच्चे राहिले व दुसऱ्याच्या हातीं गेले. कच्चा कागद अपुरा असतो, पण खोटा क्वचित असतो.

८. यवतमाळ जिल्ह्यांत पुढें अमेरिकेंतील फ्री मेथॉडिस्ट पंथाचें काम उभें राहिलें. त्या पंथाचे पहिले धर्मोपदेशक अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हें दांपत्य १८८१ मध्यें हिंदुस्थानांत आलें. फीबीबाईंचें येथील अनुभवांचें पुस्तक १९०८ मध्यें शिकागोस छापलें गेलें, व त्याच्या नांवांत त्यांनीं 'भारतखंड' हा आपला शब्द घेतला. सत्तावीस वर्षांच्या वास्तव्यानंतर लिहिलेलें म्हणून तें आमच्या सिद्धांतास अपवाद ठरावें असें प्रथम वाटतें. परंतु तें अमेरिकन वाचकासाठीं रचलें आहे, म्हणजे पहिल्या दिवसाचे नवखे डोळे लेखिकेस पुन्हां उसने घ्यावे लागले आहेत. त्यांतील वर्णन खरें असेल. पण तें तिच्या नित्याच्या दिवसाचें नसून, जो दिवस दूरच्या माणसास दाखवावासा वाटला त्याचें आहे.

याच्या उलट टोकास जस्टिन अ‍ॅबट उभे आहेत. मुंबईंतील दीर्घ सेवा संपवून ते अमेरिकेस परतले, आणि तेथें वृद्धपणीं महाराष्ट्रीय संतकवींची इंग्रजी माला त्यांनीं हातीं घेतली. १९२६ पासून भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे खंड निघत गेले. पंडित नरहर गोडबोले यांचें साहाय्य होतें. १९३२ मध्यें अ‍ॅबट वारल्यावर एडवर्ड्स यांनीं काम पुढें नेलें. तरुणपणीं जो ज्या लोकांस उपदेश करण्यास आला, तो म्हातारपणीं त्याच लोकांच्या महीपतीचें बोट धरून बसला. यावरून त्यांची स्वधर्मश्रद्धा ढळली असें अनुमान कोणीं काढूं नये. तसा कागद नाहीं. तिनें काय केलें एवढेंच दिसतें : तिनें दुसऱ्याची श्रद्धा ऐकण्याइतकी जागा करून दिली. मनुष्य काय मानतो हें त्याच्या कबुलीजबाबापेक्षां, शेवटच्या वर्षांत त्यानें कोणत्या कामावर डोळे झिजविले यावरून अधिक खरें कळतें.

९. म्हणून त्या हरवलेल्या वहीकडे पुन्हां येतों. ती परदेशस्थांनीं लिहिलेली नव्हती, कोणास दाखविण्यासाठीं नव्हती, आठवणीवरून नव्हती व कोणी निवडून काढलेली नव्हती. चारहि दोषांतून ती मुक्त होती. मध आणि टोपल्या यांच्या नोंदींत कोलाम हे हिस्लॉप यांच्या नोंदीप्रमाणें डोंगरावरील जात म्हणून नव्हे, तर ओसरीवर आलेलीं माणसें म्हणून होते. एका म्हाताऱ्या परक्या जोडप्याशीं त्यांचा व्यवहार काय भावानें चाले, हेंहि होतें. उसने दिलेले पैसे परत आल्याची नोंद होती कीं नाहीं, हें मीं पाहिलें नाहीं. तीन-चार पानें पुढें गेलों असतों तर त्यांच्या धर्माविषयीं छापील पुस्तकांहून अधिक कांहीं मला कळलें असतें.

संग्राहकांस एवढीच विनंति आहे. मिशनचें जुनें घर, शाळा किंवा रुग्णालय जेथें असेल — आमच्या जिल्ह्यांतील उमरीसारख्या ठिकाणीं — तेथील मराठी हिशेब, हजेऱ्या, पत्रांच्या नकला, पंडितांच्या व मास्तरांच्या वह्या यांची यादी करावी. रुमाल फोडून चांगले कागद तेवढे उचलूं नयेत. जो क्रम सांपडेल तोच ठेवावा. थडग्यांवरील लेख ताम्रपटाइतक्याच काळजीनें उतरून घ्यावे. त्या घरांत काम केलेलीं म्हातारीं माणसें आहेत तोंवर त्यांची जबानी त्यांच्याच बोलींत लिहून काढावी, आणि कोणीं, केव्हां, कोणासमोर सांगितली हें खालीं घालावें. कागद मित्राचा कीं परक्याचा, हें ठरविण्यास पुढें वेळ आहे. तो आधीं शिल्लक राहिला पाहिजे.